लांबच्या प्रवासाची गाडी

मोटारसायकलच्या चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही दातेरी चक्रांच्या बरोबर मध्ये, ताईने अंगठा लावून वर दाबलं. चेन जेमतेम हलली. मागचं चाक थोडं फिरवून तिने पुन्हा दाबलं... तेवढीच! काल तिने स्वतः ठेवलेली ढिलाई कुणीतरी काढून टाकली होती.

"चेनला कोणी हात लावला?"

"मी," हातमोजे चढवत धाकटा भाऊ म्हणाला. "केवढी लोंबत होती! मित्र म्हणाला, वाटेत आवाज करेल. दिली आवळून. कधी तरी शाबासकी दे की गं!"

गॅरेजच्या दारात वडील खुर्चीवर बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. मोटारसायकल मूळची त्यांचीच. दोन्ही मुलांना त्यांनीच शिकवली, पण हात बसला तो ताईचा. आजारपण आलं आणि कुणी काही न बोलताच वाटणी होऊन गेली. किल्ली भावाकडे, पाने-पक्कड ताईकडे. इंजिनचं तेल बदलायचं, ब्रेक पॅड किती झिजले ते बघायचं, टायरमधली हवा तपासायची आणि वडिलांच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, हे तिचं. डोंगरांपलीकडे जायचं, ते त्याचं. तिकडून फोन यायचा, "ताई, चालूच होत नाही गं!" मग ती विचारायची, "इंजिन बंद करायचं लाल बटण चुकून दाबलं गेलंय का? नाही? बरं, बॅटरीच्या तारा हलवून बघ, सैल झाल्यात का." इंजिन गुरगुरलं की फोन बंद! ते घाट तिने कधी पाहिले नव्हते, नुसते ऐकले होते... इंजिनच्या आवाजामागून वाहणाऱ्या वाऱ्यात. त्या वाऱ्याच्या ओढीने आपला जीव किती वेळा व्याकूळ झाला, हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

"बस गाडीवर," ती म्हणाली. "सामानासकट."

"अगं, उशीर होतोय मला!"

"बस म्हणते ना!"

त्याने निमूट टांग टाकली, गाडी स्टँडवरून काढली. त्याच्या आणि सामानाच्या वजनाने मागचे शॉक ॲब्सॉर्बर दबले, आणि चेन सळईसारखी ताठ झाली.

"आता लाव हात."

तो वाकला. चेन तसूभरही हलेना. त्याचा चेहरा उतरला.

"रिकाम्या गाडीवर ती ढिली दिसायलाच हवी. वजन पडलं की ताणली जाते. अशीच नेली असतीस तर बेअरिंग गेलं असतं, नाहीतर उतारावर चेन तुटून चाक अडकलं असतं आणि..." तिचा आवाज कापला. संतापाने की मायेने, तिचं तिलाच कळेना.

"चुकलं, ताई." तो खाली उतरला. "देतेस नीट करून? तुझ्याशिवाय माझं चालतं का कधी?"

"तेच... तेच चुकलं," वडील अचानक बोलले. शब्द जडपणे येत होते. "किल्ली तिलाच द्यायची होती. मी भ्यालो. ही गेली तर माझं कोण करणार..." त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"मला ठाऊक होतं, बाबा!" ताईने मान ताठ केली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही अडवलंत म्हणून नाही राहिले मी. माझ्या मनाने राहिले. माझ्यावर उपकार करायला निघू नका आता."

वडिलांनी डावा हात पुढे केला. तिने तो आपल्या काळवंडलेल्या बोटांत घट्ट धरला, डोळ्यांना लावला... आणि सोडला. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. चाकाचा नट सैल केला, चाक किंचित पुढे सरकवलं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून चाक सरळ असल्याची खात्री केली, नट पक्का आवळला. अंगठ्याने चेन दाबून पाहिली. आता ती हवी तशी हलत होती.

"झालं? निघू मग?" भाऊ टांग टाकणार, तोच तिने हँडल धरलं.

"थांब. एक राहिलंय."

"आता आणखी काय राहिलं?"

"माझं जाणं," ताई म्हणाली. "या वेळी मी जाणार आहे. बाबांजवळ तू राहायचंस."