तापहाक

काट्यावरचा आकडा दोनदा हलला आणि अकरा ग्रॅमवर थांबला. डॉ. सुलक्षणा मोहोड यांनी मलमलच्या पिशवीतून चिमणीहून लहान असा तो झेब्रा फिंच पक्षी अलगद बाहेर काढला, त्याच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवले आणि त्याला पिंजऱ्यात सोडले. त्या सकाळी हे चोवीस वेळा झाले. एकही पक्षी बाराच्या वर गेला नाही.

"प्रमाण तेराचं आहे, बाई," सुलक्षणा म्हणाल्या. "हे सगळे उपाशी आहेत, असं मला लिहावं लागेल."

उष्मारक्षण प्राधिकरणाची ही प्रयोगशाळा अकोल्यात, तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होती. शहरातले प्राधिकरणाचे सगळे हुकूम सुलक्षणांच्या सहीने निघत. मार्च अजून संपला नव्हता आणि बाहेर पारा चव्वेचाळिसावर होता. तीन वर्षांपूर्वी प्राधिकरणाने नियम केला होता, की पाळीव पक्षी उघड्यावर ठेवायचा नाही. त्याला शीतपेटीत, म्हणजे चोवीस अंशांवर चालणाऱ्या काचेच्या बंद पेटीत ठेवायचा. जो पक्षी प्रमाणापेक्षा हलका भरेल त्याची हेळसांड झाली असे धरायचे आणि तो जप्त करायचा.

ज्यांना सुलक्षणा 'बाई' म्हणत होत्या, त्या डॉ. अन्नपूर्णा गावंडे त्यांच्या एके काळच्या प्राध्यापिका. पक्ष्यांच्या आवाजांचा अभ्यास करता करता निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्याकडे शीतपेटी नव्हती. घराच्या मागच्या ओसरीत मोठा जाळीचा पिंजरा होता. त्याच्या पश्चिमेला वाळ्याचा पडदा, आणि ओले गोणपाट फक्त एका अंगाला. म्हणजे ज्याला गारवा हवा तो तिकडे सरकेल, ज्याला पंख वाळवायचे तो इकडे येईल. मातीच्या परळांतले पाणी दिवसातून तीनदा बदलायचे, ते माठातले, बर्फाचे कधीच नाही. अंघोळीला उथळ ताट. दुपारी काकडीची चकती. एखाद्याने चोच उघडी टाकली किंवा पंख अंगापासून दूर धरले, की बाई खुर्ची ओढून तिथेच बसत. ओसरीचा पारा अडतीस-एकोणचाळिसाच्या वर त्यांनी कधी जाऊ दिला नव्हता. आणि तीन उन्हाळ्यांत त्यांचा एकही पक्षी दगावला नव्हता.

सुलक्षणांना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी ते अहवालात लिहिलेही होते. पण वजनाच्या रकान्यात ते बसत नव्हते.

"तू उत्तराच्या आधी प्रमाण ठरवलंस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तेरा ग्रॅम कुठून काढलेस? शीतपेटीत वाढलेल्या पक्ष्यांचे ना? मग उन्हात वाढलेलं पाखरू त्यात कसं बसेल?"

"ऊन सोसून वजन घटलं, तर त्याला हेळसांडच म्हणतात."

"घटलं नाही. त्याने ते वाढवलंच नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्या वर्गात शिकवत तशाच बोलू लागल्या. "अंडं फुटायला चार-पाच दिवस उरले की आतल्या पिलाला ऐकू येतं. तेव्हा घरट्यात उष्मा वाढला, तर अंड्यांवर बसलेली आई धापा टाकता टाकता एक बारीक, भरभर आवाज काढते. बापही काढतो. मी त्याला तापहाक म्हणते. पिलू ती ऐकतं आणि त्याच्या वाढीची चालच बदलते. बाहेर ऊन लागलं की ते अंग आटोपशीर ठेवतं. लहान अंग लवकर निवतं. हाक न मिळालेलं पिलू मात्र भरमसाट वाढतं. काट्यावर छान तेरा भरतं आणि खऱ्या झळीला मान टाकतं."

सुलक्षणा हसल्या. "बाई, हे कीर्तनात शोभेल."

"कीर्तनातच सुचलंय. आईच्या पोटातल्या बाळाने उपदेश ऐकला, असं आख्यान बुवा लावतात. सगळे माना डोलावतात. घरी जाऊन कुणी कान लावून बघत नाही. मी अंड्याला लावून बघितला, एवढंच."

मग बराच वेळ वाद झाला. सुलक्षणांनी सोपा उपाय सुचवला. शीतपेटीतले दोन पक्षी आणि ओसरीवरचे दोन, चारही पंचेचाळीस अंशांच्या खोलीत ठेवू, दोन तासांत निकाल लागेल. अन्नपूर्णाबाईंनी तो तिथल्या तिथे उडवून लावला. त्यांना ठाऊक होते की त्या जिंकतील. पण कुणाच्या तरी पिलाचा जीव घेऊन जिंकणे त्यांना नको होते. देवाने दिलेले पाखरू मी वादात पणाला लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

शेवटी ठरले ते असे. बाईंच्या सहा जोड्या पहिल्या मजल्यावरच्या शीतपेट्यांत राहतील, सहा ओसरीवर. दोन्हीकडे राळ्याचे दाणे तोलून घालायचे, दोन्हीकडे घरट्यापाशी ध्वनिलेखक बसवायचा. ओसरीत तापहाक होईल, तिथली पिले हलकी निघतील. चोवीस अंशांत कुणी हाक देणार नाही, तिथली जड निघतील. तसे झाले तर जप्तीचा हुकूम मागे. तसे झाले नाही तर बाई सगळे पक्षी स्वतःच्या हाताने आणून देतील.

"शब्द?" सुलक्षणांनी विचारले.

"शब्द. पण तोवर माझ्या ओसरीत तुझा माणूस पाऊल टाकणार नाही. टाकलं तर मी दारात आडवी होईन, आणि मला उचलायला चार जण लागतील, हे लक्षात ठेव."

दीड महिन्याने पिले तोलली गेली. ओसरीवरची हलकी होती. शीतपेटीतलीही हलकी होती. दाणा दोन्हीकडे सारखाच खाल्ला गेला होता आणि वजनात पाव ग्रॅमचाही फरक नव्हता.

सुलक्षणांना आनंद झाला नाही. त्यांनी कागद सरकवला आणि खालच्या आवाजात सांगितले, की पेट्यांची तापमान-नोंद त्यांनी स्वतः पाहिली आहे, दीड महिन्यात एकदाही चोवीसच्या पुढे गेलेली नाही. उष्मा नव्हता, म्हणजे हाकही नसणार, तरी पिले हलकी. तेव्हा तापहाकेचा काही संबंध उरत नाही. तुमचे वाणच खुरटलेले असेल, बाई. सही करा.

अन्नपूर्णाबाईंनी पेन उचलले नाही. "पेट्यांमधले ध्वनिलेख ऐकलेस?"

"चोवीस अंशांत ऐकायला काय असणार?"

"मी चाळीस वर्षं कीर्तनात मागे उभी राहून टाळ धरते. मागे उभ्या राहणाऱ्याचं पहिलं काम ऐकणं. बुवा काय गाणार हे ठाऊक असलं तरी ऐकायचं. लाव ते."

सुलक्षणांनी पहिल्या पेटीचा लेख लावला. सकाळची किलबिल, दाणे टिपल्याची टकटक. दुपारी एकनंतर शांतता. आणि मग, दीडच्या सुमारास, एक बारीक, भरभर, श्वासाच्या ठेक्यावर चाललेला आवाज. तो चारपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहाही पेट्यांत तेच.

सुलक्षणांनी लेख बंद केला.

"म्हणजे उष्म्याशिवायही हाक देतात," सुलक्षणा म्हणाल्या. "तुमचं गृहीतच चुकलं."

"धाप लागल्याशिवाय हा आवाज गळ्यातून निघत नाही, सुलक्षणा. तो धापेचाच आवाज आहे. धाप लागली म्हणजे अंग तापलं. पाखराला खोटं धापता येत नाही." बाई उठल्या. "आता दोघांतलं एक खोटं आहे. पाखरू किंवा तुझी पेटी. चल, बघू."

शीतयंत्रांची देखभाल करणारे कासम शेख यांना बोलावले गेले. पन्नाशीचा शांत माणूस. बारा ते पाच या वेळात शहरात कुणी बाहेर पडायचे नाही असा नियम असल्याने पेट्यांच्या दालनात दुपारी कधीच कुणी नसे. त्या दिवशी तिघे तिथे थांबले. दालनात शिरताच बाईंचा पदर कपाळाकडे गेला. एक वाजला. पेट्यांची घरघर हळूहळू मंदावली आणि बंद पडली. काचेवरचा हिरवा आकडा चोवीसच होता. कासमभाईंनी पाऱ्याची साधी नळी घरट्याशेजारी आत सरकवली. दीड वाजता पारा पस्तिसावर. दोनला एकोणचाळीस. आकडा चोवीस. आतली मादी दुसऱ्या खेपेच्या अंड्यांवर बसून, चोच उघडी टाकून, हाक देत होती.

"मॅडम, हा आकडा मोजलेला नाही," कासमभाई म्हणाले. "मागितलेला आहे. आपण चोवीस मागितले, ते तो दाखवते. नोंदवहीत बी तोच जाते. मार्चपासून एक ते चार विजेची काटकसर लागली ना, तेव्हा मशीन झोपते. आकडा झोपत नाही."

"हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"लिहून दिलं होतं जी. उत्तर आलं, आकडा बराबर आहे."

सुलक्षणा पेटीला टेकून उभ्या राहिल्या. मार्चपासून शहरात शीतपेट्यांतले चारशेहून जास्त पक्षी मेले होते. सगळे गेल्या दोन वर्षांतले, पेटी खरोखर गार असताना जन्मलेले, हाक न मिळालेले, तेरा-तेरा ग्रॅमचे देखणे पक्षी. प्रत्येक पाळणाऱ्याला हेळसांडीची नोटीस गेली होती. लोक काउंटरवर येऊन रडले होते, साहेब, पेटी उघडलीसुद्धा नाही हो आम्ही. प्रत्येक नोटिशीखाली सुलक्षणांची सही होती.

त्यांनी जप्तीचा हुकूम चौकोनी घडी करून फाडला. मग तिघांनी मिळून पेट्या एकेक करून वरच्या मजल्यावर नेल्या. प्रयोगशाळेला विजेची वेगळी वाहिनी होती, तिथे गारवा खरा होता. शेवटची पेटी ठेवताना अन्नपूर्णाबाईंचा श्वास फुलला होता. पाणी पिऊन त्यांनी विचारले, "कासमभाई, हेच यंत्र अजून कुठेकुठे बसवलंय?"

कासमभाईंनी खाली बोट दाखवले.

तळमजल्यावर शीतघर होते. सत्तरीपुढच्या माणसांनी दुपारी तिथेच बसायचे, तसा हुकूम होता. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बाराला दाराला सील लागे, ते पाचला निघे. शहरात अशी एकशे बारा घरे होती.

सुलक्षणा दोन-दोन पायऱ्या उतरत गेल्या. दाराच्या काचेवर चोवीस. बाहेर स्टुलावर पहारेकरी. त्याने सांगितले, पाचच्या आत दार उघडायचे नाही.

"कुणी सांगितलं?"

"मोहोड मॅडमनी. ही त्यांची सही."

"ती माझी आहे," सुलक्षणा म्हणाल्या आणि सील तोडले.

आत साठेक माणसे होती. कुणी पदराने, कुणी टोपीने वारा घेत होते. साठ अंगांची ऊब आणि साठ श्वासांचा दमटपणा कोंडलेला. दाराजवळच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ भिंतीला डोके टेकून बसले होते. अन्नपूर्णाबाई त्यांच्याजवळ गेल्या, मनगट धरले, पाणी पाजले आणि विचारले, आजोबा, त्रास कधीपासून होतो.

"मार्चपासून सांगून राह्यलो बाई, गरम होते म्हणून. रोज सांगतो. तर हे पोट्टे त्या आकड्याकडे बोट दाखवते अन् म्हणते, आजोबा, तुमचं वय झालं."

बाईंनी आजोबांना हात दिला. सुलक्षणांनी सगळ्यांना सांगितले, वर चला, माझ्या खोलीत, प्रयोगशाळेत, जिन्यात, जिथे जागा मिळेल तिथे. पहारेकरी क्षणभर घुटमळला. मग त्यानेच एका आजीबाईंना पाठीवर घेतले.

जिन्याच्या वळणावर सुलक्षणांनी मुंबईला प्राधिकरणाच्या अध्यक्षांना फोन लावला. एकशे बारा दारे आत्ता, या मिनिटाला उघडा, असे त्या म्हणाल्या. माणसांना वेगळ्या वाहिनीच्या इमारतींत हलवा, कचेऱ्या, बँका, जे असेल ते. पलीकडचा आवाज समजुतीचा होता. अध्यक्षांच्या समोरच्या पडद्यावर एकशे बाराही घरे चोवीस अंशांवर दिसत होती. तुमच्याकडे काही पुरावा आहे का, मोहोड? नियमाबाहेर जाऊन दार उघडलेत, उद्या तुमची खुर्ची राहणार नाही.

"खुर्चीवर आत्ता दोन आज्या बसल्यात, सर," सुलक्षणा म्हणाल्या. "पुरावा देते. फोन ठेवू नका."

आजोबा वळणावरच दम खात थांबले होते, एक हात कठड्यावर, एक अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यावर. सुलक्षणांनी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. आजोबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावली. आजोबांना धाप आवरेना. तशा धापेतच ते बोलले.

"साहेब... गरम होते."