धोंड्याच्या महिन्यातला कूलर

मागच्या दारी कोण आलंय ते बघायला सुमंगला तशीच उठून बाहेर आली. हाताला तांदळाचं पीठ, ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावरून घामाची धार... आणि समोर एक अनोळखी तरुण त्यांच्या भिंतीला तळहात लावून उभा! ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा, तसा.

"हिला ऊन कवापासून लागतं?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"भिंतीला." तो गालात हसला. "तुमाला लागलेलं दिसायलंच की."

खरं तर सुमंगलाला राग यायला हवा होता. आला नाही. "बारा वाजल्यापासून लागतं, ते दिवस मावळेपर्यंत," ती म्हणाली. "तुमी कोण पण?"

तो बोरीचा उद्धव. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला त्याचं कूलर बनवायचं दुकान होतं. सुमंगलाच्या वडलांनी, माधवराव गुरुजींनी, त्याला बोलावणं धाडलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली अधिक महिना नेमका ज्येष्ठाचा आला, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवायला बोलवायचं तेही ऐन उन्हाळ्यात. थोरल्या हेमाच्या लग्नाला वर्षच झालेलं, हा जावयाचा पहिलाच धोंडा. नाशिकच्या हवेत वाढलेले दिनकरराव रजा काढून चांगले पंधरा दिवस राहणार होते. त्यांना परभणीच्या पत्र्याखाली ठेवायचं कसं, या काळजीनं गुरुजींची झोप उडाली होती.

बाकीचे कूलरवाले लांबी-रुंदी विचारून मोकळे होत. उद्धवचं तसं नव्हतं. भिंत कुठल्या अंगाला, वर पत्रे की स्लॅब, खोलीत माणसं किती, आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार... नाना चौकशा! कूलर लहान पडला तर नुसता भणभणतो आणि मोठा झाला तर अंथरुणं दमट होतात, असं तो म्हणे. आपलं माप कधी चुकत नाही, हेही म्हणे, आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणे.

"दहा बाय बाराची जावयाची खोली. बाकीचं काही बघू नको," गुरुजींनी बजावलं.

पाणी प्यायला तो सैपाकघराच्या दाराशी आला. सुमंगला शेगडीसमोर बसून अनारसे तळत होती, सरावासाठी. जावयाला द्यायचे तेहतीस, त्यात एकही तुपात फुटून हसायला नको.

"तुमी दिवसभर हितंच?"

"मग अनारसे काय अंगणात तळू?"

"हितं वारं येत न्हाई जरा बी."

"वाऱ्याला कुणी बोलावलंच न्हाई ना..."

त्यानं तांब्या खाली ठेवला, सैपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उगाच चालून आला आणि निघून गेला. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, घरी कामाला येणारा प्रत्येक माणूस तिला ताई म्हणतो. यानं एकदाही म्हटलं नव्हतं.

आठवड्यानं कूलर बसला. वाळ्याच्या ताट्या, पत्र्याची निळी पेटी, खिडकीत अगदी घट्ट. "मधलं दार मात्र उघडं ठेवायचं," उद्धवनं दोनदा सांगितलं. "हवेला भाईर पडायला वाट लागती." शेगडीची ज्योत विझू नये म्हणून त्यानं पत्र्याचा एक आडोसाही करून आणला होता. तो कुणी सांगितला होता, हे कुणी विचारलं नाही.

बटण दाबलं... आणि खोलीतून, मधल्या दारातून सैपाकघरात, वाळ्याचा वास घेऊन गार झुळूक सरळ सुमंगलाच्या पाठीवर आली. तिच्या ओल्या मानेवर शहारा उठला. तिनं वळून बघितलं. उद्धव दारातच उभा होता — कूलरकडं नाही, तिच्याकडं बघत.

"लागायलंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"लागायलंय," ती म्हणाली, आणि पीठ मळायला नको तेवढं मळत बसली.

मग तो दोनदा आला. एकदा मोटर बघायला, एकदा ताट्या आवळायला. नंतर यायला निमित्तच उरलं नाही. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की तिचा हात थांबायचा. पाठीवर गार हवा यायची आणि जीव मात्र कासावीस. अशी वाट बघायची सवय नव्हती तिला, आणि कुणाला सांगायची सोयही नव्हती.

दिनकरराव आले ते स्थळ घेऊनच. "माझ्याच बँकेतला मुलगा आहे, बाबा. स्वतःचं घर आहे. अधिक संपला की बघायला येतील." अधिकात सोयरिकीचं बोलत नाहीत, म्हणून तेवढ्यावरच थांबलं. हेमा आनंदून गेली. सुमंगलानं मनातल्या मनात दिवस मोजले. उरले होते बारा दिवस आणि उद्धवनं अजून एक शब्द काढला नव्हता.

त्यात जावईबापूंना तळणीचा धूर सोसेना. त्यांनी मधलं दार लावून घेतलं. सैपाकघर पुन्हा भट्टी झालं आणि खोलीत दुसऱ्याच दिवशी दिनकररावांना शिंका सुरू झाल्या. गादी दमट, उशी दमट, काडेपेटीची काडी पेटेना. गुरुजींनी उद्धवला बोलावून घेतलं.

"जावयापुढं मान खाली घालायला लावलीस! म्हणे माप चुकत नाही. दहा बाय बाराला एवढा मोठा कूलर बसवतात का?"

दाराआडून सुमंगला ऐकत होती. चुकलो म्हणाला असता तर प्रकरण मिटलं असतं. लहान पंखा बसवला असता, आणि पुन्हा या घरी यायचं कारण उरलं नसतं.

"माप बरोबर हाय, गुरुजी," उद्धव म्हणाला. "दार लावलंय म्हणून असं झालं. म्या कूलर सैपाकघर धरून केलाय."

"सैपाकघराचं कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी न्हाई." त्याचा आवाज उतरला. "सारे इचारायलेत, जावयाला गरम व्हायलंय का... आतल्या माणसाचं कुणी धरलंच न्हाई. म्या धरलं."

दिनकररावांची शिंक अडकली. सुमंगलानं मधलं दार ढकलून उघडलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली.

"बाबा, मला ते नाशिकचं स्थळ नको." तिनं दार उघडंच धरून ठेवलं. "मला गरम होतंय हे ह्यांनाच कळलं. मला ह्यांच्याच घरी जायचंय."

उद्धवनं झटकन वर बघितलं. गुरुजी एकदा लेकीकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. सैपाकघर तर तेही रोज बघत होते.

"दुकान स्वतःचं आहे?"

"भाड्याचं हाय, गुरुजी."

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अधिकात असलं काही बोलू नये," ते म्हणाले. "निज ज्येष्ठ लागू दे. मग तुझ्या वडलांना बोरीहून घेऊन ये. आणि दिनकरराव... दार उघडंच राहू द्या."

अंगणात उद्धव सायकलला पिशवी अडकवत होता. सुमंगला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो घटाघटा प्याला आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

"धा दिवस हायत की वो अजून," तो म्हणाला. "कसे काढायचे?"

"कूलर बिघडला तर याल ना?"

"माझा कूलर बिघडत न्हाई."

"बघते मी," ती म्हणाली. "उद्या दुपारी."