मिस अर्लीनच्या नावानं पाणी

रेनिटा आणि रशाद यांचं शेवटी जमलं. चांगलंच जमलं... पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू. काहीही जमलेलं नाही. रेनिटा बूकर अजून एकटीच आहे, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये शरद संपवणारा गार पाऊस पडतोय, आणि ती विद्यापीठाच्या एका जड दाराला पायानं अडवून उभी आहे.

दार होतं कृष्णवर्णीय अभ्यास विभागाच्या संशोधन लॅबचं. लॅब म्हणायचं, पण आत परीक्षानळी औषधालाही नव्हती. एक स्कॅनर, कॉफीचा एक भलामोठा थर्मास, आणि दर शनिवारी वस्तीसाठी खुला कार्यक्रम. लोक घरातले जुने फोटो आणायचे, रेनिटा ते स्कॅन करून नावं लिहून घ्यायची, मग सगळे एकत्र जेवायचे आणि फोटोतला तिसरा माणूस नक्की कोण यावरून भांडायचे. संशोधन म्हणजे हेच.

तर त्या दारातून एक तरुण आत आला. जाकिटाखाली हॅट ठेवायचा गोल डबा, आणि लांब धरलेल्या छत्रीखाली एक म्हातारी. स्वतः तो नखशिखान्त भिजलेला.

"फोटो कोरडे आहेत," तो म्हणाला. "नॅना कोरडी आहे. माझी काही सोय होत असेल तर बघा."

रेनिटानं त्याला कागदी रुमाल दिला.

"एकच?"

"कार्यक्रम सगळ्या वस्तीसाठी आहे. पुरवून वापरावे लागतात."

तो हसला. हसतानाही दमलेला दिसला... आणि रेनिटाला उगाचच बरं वाटलं. आपल्यासारखं कुणीतरी.

तो रशाद. रात्रपाळीत शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याची आजी, म्हणजे नॅना, सगळ्या वस्तीची मिस अर्लीन पेटवे. त्यांनी उभं आयुष्य केशभूषेचं दुकान चालवलं होतं. डब्यात अर्ध्या वस्तीच्या डोक्यांचे फोटो होते. त्यानंतर रशाद दर शनिवारी येऊ लागला. आल्याआल्या खुर्च्या मांडायचा, मग मागच्या रांगेत बसून झोपायचा. इतका मन लावून झोपायचा की बोलणाऱ्याला वाटावं, ऐकतोय.

त्यांचं प्रेमाचं बोलणंही थकव्याचंच. कशी आहेस, असं तो विचारायचा. उभी आहे, असं ती सांगायची. मग तो म्हणायचा की तू माझ्यापेक्षा पुढे आहेस. एवढ्यात कुणीतरी प्लेटा संपल्याचं ओरडायचं आणि प्रेम तिथंच थांबायचं.

एक गोष्ट मात्र रेनिटानं कुणालाच सांगितली नव्हती. ती हे सगळं सोडून चालली होती. लांब, फिनिक्स शहरातल्या एका विमा कंपनीत नोकरी मिळत होती. तिथं समाज नव्हता, फक्त ग्राहक होते. सोमवारी होकार कळवायचा होता. इथं एकाला सांगणं म्हणजे आसपासच्या सगळ्या चर्चना सांगणं, म्हणून ती गप्प होती. रशादला मात्र सांगायचं होतं... पण प्लेटा संपायच्या.

त्या शेवटच्या शनिवारी चर्चचे वयस्कर सेवेकरी डीकन टॉलिव्हर यांची कंबर धरली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पूर्वजांच्या नावानं पाणी सोडायचं काम त्यांचं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, कुंडीत पाणी ओतायचं, आणि सगळ्यांनी "आशे", म्हणजे तथास्तु, म्हणायचं. कुंडीतल्या रबराच्या झाडाला आठवडाभर कुणी विचारायचं नाही. ते पूर्वजांच्या जिवावर जगत होतं.

तांब्या रेनिटाच्या हातात आला. आठवडाभर तिनं केशभूषेच्या फोटोंखाली नावं लिहिली होती, झोप अशी झालीच नव्हती. तिनं आपल्या आजीचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि मग तिसरी धार सोडत गंभीरपणे म्हणाली, "मिस अर्लीन पेटवे."

"आशे," सगळी लॅब सवयीनं म्हणाली. मिस अर्लीनसुद्धा म्हणाल्या.

मग सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं जांभळी हॅट घालून, मांडीवर पर्स धरून दिवंगत बसल्या होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला कुणी कळवलं नाही."

वडीलधाऱ्यांत वाद सुरू झाला. सोडलेलं पाणी परत घेता येतं का? कुणी म्हणालं, कुंडी उपडी करा. कुणी म्हणालं, असलं काही करू नका, बाकीचेही परत येतील. शेवटी मिस अर्लीननी हात वर केला.

"गेलेच आहे तर माझ्याबद्दल चार शब्द बोला. एरवी ते ऐकायला मिळत नाहीत. आधी ही बोलेल. मारलंय मला हिनं."

रेनिटा तांब्या धरून उभी राहिली. काहीतरी छान बोलायचं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"मिस अर्लीन फार चांगल्या होत्या... आहेत. मी थकलेय. इतकी थकलेय की मला जिवंत माणसं ओळखू येत नाहीत. मी फिनिक्सला चाललेय."

याला कुणी "आशे" म्हणालं नाही.

मागच्या रांगेत रशाद टक्क जागा होता.

"हे मला कळायला नॅनाला मरावं लागलं?"

"सांगणार होते... खुर्च्या लावताना. पण तू इतक्या मनापासून लावतोस—"

"मला खुर्च्या लावायला अजिबात आवडत नाही," रशाद उठून म्हणाला. "रात्रभर बसखाली असतो मी. नॅनाला सोडून घरी जाऊन झोपता येतं मला, रेनिटा. तरी इथं झोपतो. का ते विचार."

"का?"

"इथं डोळे उघडले की तू दिसतेस."

"आशे," कुणीतरी हळूच म्हणालं.

"तुला फिनिक्स हवं असेल तर जा, सामान मी बांधून देतो. पण नुसती थकलीस म्हणून जाऊ नकोस. थकलीस तर बस." त्यानं एक खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली.

ती बसली. या खुर्च्यांवर ती आजवर बसलीच नव्हती. तांब्या मांडीवर घेऊन ती थोडीशी रडली. फार रडण्याइतकी ताकद नव्हती.

मिस अर्लीननी लगेच शेवटची इच्छा जाहीर केली. यापुढं स्वयंपाक, खुर्च्या आणि भांडणं वस्तीनं सांभाळायची, या मुलीनं फक्त फोटो बघायचे, तेही महिन्यातून एकदाच. मेलेल्या बाईचा शब्द कोण मोडतं ते बघतेच, असंही त्या म्हणाल्या. कुणाची हिंमत झाली नाही.

रशाद तिला बोलायला म्हणून आपल्या गाडीत घेऊन गेला. टपावर पाऊस वाजत होता. त्यानं तिचा हात हातात घेतला. त्याच्या नखांत वंगण, तिच्या बोटांवर शाई.

"सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "आणि तुला... तुला मी..."

वाक्य राहिलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं होतं. उत्तर रशादकडे तयार होतं, पण तो तिच्या आधीच झोपला होता.

कार्यक्रम संपवून माणसं बाहेर आली. वाफ धरलेल्या काचेतून सगळ्यांनी आळीपाळीनं आत पाहिलं, आणि प्रत्येकानं फॉइलनं झाकलेली एकेक प्लेट गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

पुढच्या आठवड्यात लॅबच्या दारावर सूचना लागली: "सर्व संबंधितांस नम्र विनंती करण्यात येते की, लग्नाच्या तारखेबाबत संयोजकांकडे कोणत्याही प्रकारची विचारणा करू नये. विशेषतः दिवंगतांनी."