तेवीस नंबरच्या घरातली माणसं

समुद्रसपाटीपासून उंची : अकराशे मीटर.

वाळत घातलेली कॉफी दिवसातून चार वेळा फिरवावी लागते. सात, दहा, एक, चार. नाहीतर बुरशी धरते.

मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यावरून घरी येणारा माणूस आधी बोटीने येतो, मग बसने, मग दुचाकीवर मागे बसून. शेवटचा चढ पायीच.

म्बाह वार्सिनेम जेवणाची पानं मोजत असेल तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही.

लोकवस्ती असलेली घरं : चाळीस.

यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. बाकीची खरी.

आणि आता जे सांगतोय तेही खरं आहे. जिच्या बाबतीत हे घडलं ती सुलास्त्री आजही आमच्या केबोन दुवूरमध्ये राहते. दक्षिण सुमात्राच्या डोंगरातली ही वस्ती. आमचे आजे जावा बेटावरून आले, सरकारने त्यांना ओळीने चाळीस घरं दिली, दारांवर नंबर टाकले. तारीख हवी असेल तर ८ मे २०१३. बुधवार. दुपारचे साडेतीन.

हो, दुपारचे.

लोक म्हणतात असल्या गोष्टी रात्री घडतात. आमच्याकडे धुकं दुपारी उतरतं.

*

त्याच्या आदल्या आठवड्यात वस्तीप्रमुख पाक कुवाट (पाक म्हणजे आमच्याकडे काका) एक कागद घेऊन सुलास्त्रीकडे आला. शहरातला एक मोठा कॉफी खरेदीदार थेट वस्तीतून माल घ्यायला तयार होता. मात्र आधी वस्तीचं माहितीपत्रक हवं होतं. येणाऱ्या पाहुण्यांनाही तेच द्यायचं. सुलास्त्रीचं अक्षर चांगलं, म्हणून काम तिच्या गळ्यात.

"लिही," पाक कुवाट म्हणाला, "थंड हवा, गोड पाणी, कष्टाळू माणसं."

"कष्टाळू? पाक, तुम्ही पण याच वस्तीत राहता ना?"

"मग माझ्या नावापुढे हसतमुख लिही."

सुलास्त्री हसली. मग तिची नजर खालच्या अटीवर गेली.

किमान चाळीस घरांत लोकवस्ती हवी.

"आपली एकोणचाळीस आहेत."

"तेवीस नंबर धर की."

"तिथे कोण राहतं?"

"कासिमान."

"पाक!"

"काय पाक? मेलाय का तो? त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण तू जेवलीस? मी तरी नाही जेवलो."

यात त्याचंही बरोबर होतं.

१९८७ साली, कॉफीच्या तोडणीत, कासिमानचं सगळं कुटुंब एका सकाळी वरच्या मळ्यात गेलं. धुकं उतरलं. ती माणसं परत आली नाहीत.

खळ्यावरची कॉफी अर्धी फिरवलेली होती. अर्धी तशीच.

चार दिवस शोधलं. एक चप्पलसुद्धा सापडली नाही.

मग वाद झाला. माणूस गेला की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी दुआ करायची, जेवण घालायचं. पण हे गेलेत कशावरून? वडीलधारे म्हणाले, "जेवण घातलं म्हणजे आपणच त्यांना मारलं. थांबू या."

थांबले.

सव्वीस वर्षं थांबलेच.

सुलास्त्री आठ वर्षांपूर्वी खालच्या गावातून लग्न होऊन इथे आली. तिला एवढंच ठाऊक होतं. तिचा नवरा मार्गोनो सहा वर्षं परदेशातल्या मळ्यावर राबत होता. करार संपत आला होता. फोनवर तो म्हणाला होता, "खरेदीदार पक्का झाला तर मी पुन्हा सही करत नाही. मेअखेर येतो तो कायमचा. नाहीतर आणखी तीन वर्षं, सुलास."

आणखी तीन वर्षं.

ती उठून म्बाह वार्सिनेमकडे गेली. ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, सगळ्यांची आजी.

"म्बाह, कासिमानच्या घरात माणसं किती होती?"

"पाच. तो, बायको, त्याची आई, दोन पोरी. कशाला गं?"

"माहितीपत्रकासाठी."

"जुन्या माणसांची नावं लिहितेस? चांगलं करतेस, नदुक, पोरी."

सुलास्त्रीने तिची चूक दुरुस्त केली नाही. घरी येऊन एकटाकी लिहिलं...

घर क्रमांक २३. कुटुंबप्रमुख : कासिमान. माणसं : पाच. पीक : कॉफी.

*

बुधवारी तोडणीचं जेवण होतं. प्रत्येक घरातून एक माणूस येतो, चटईवर बसतो, दुआ होते, आणि केळीच्या पानात बांधलेलं जेवण घेऊन घरी जातो. घरं तितक्या पुरचुंड्या.

पाक कुवाटला त्या दिवशी चेव आला होता. तो म्हणाला, यंदा नावं माहितीपत्रकावरूनच वाचू. तालीम होईल.

तो नाव घ्यायचा. माणूस "हो" म्हणायचा.

एकवीस. "हो."

बावीस. "हो."

"तेवीस. कासिमान."

कुणी तरी खुदकन हसलं.

चटईचं शेवटचं टोक धुक्यात गेलं होतं...

तिकडून आवाज आला.

"हो."

मग हशा पिकला. "ए पोनिदी, गप बस! तुझाच आवाज!" पोनिदीच्या तोंडात पापड कोंबलेला होता. तो दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होता. त्यावर आणखी हशा.

सुलास्त्री हसली नाही. ती मागे पुरचुंड्यांपाशी उभी होती.

तिने स्वयंपाकघरात चाळीसचा आकडा दिला होता. म्बाहने चाळीस पानं मोजली होती. माणसं एकोणचाळीस आली होती. तिने स्वतः मोजली, दोनदा.

जेवण वाटून झालं.

टोपलीत एक पुरचुंडी उरायला हवी होती.

टोपली रिकामी होती...

*

गुरुवारी सकाळी सात वाजता आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

लाकडी दाताळ्याने कॉफी फिरवण्याचा. तोडणीच्या दिवसांत हा आवाज घराघरातून येतो, त्यात नवल काय? दहाला आला. एकला आला. चारला आला.

बावीस नंबरची त्रिनाह कुंपणावरून म्हणाली, "तेवीसमध्ये भाडेकरू आणलेत का गं पाक कुवाटने? फार कामसू आहेत बाई. आमच्या नवऱ्याला दाखवायला हवेत."

"पाहिलंस त्यांना?"

"नाही. कॉफी पण दिसत नाही खळ्यावर." मग जरा थांबून... "आवाज तेवढा येतो."

सुलास्त्री जाऊन बघून आली. दार बंद. खळं रिकामं. सव्वीस वर्षांचं हिरवं शेवाळ.

शेवाळावर दाताळ्याच्या रेघा होत्या. सरळ, एकसारख्या. अर्ध्या खळ्यापर्यंत.

आणि पायरीवर केळीचं एक पान. धुतलेलं. चौपदरी घडी घातलेलं.

*

माहितीपत्रकातून : "येथील माणसे अतिथीला दारातून परत पाठवत नाहीत. आपण हाक द्या, आतून 'मोंगो', म्हणजे 'या, बसा', असेच उत्तर येईल."

हे वाक्य सुलास्त्रीचंच. तिला ते फार आवडलं होतं.

*

खरेदीदाराचा माणूस वीस तारखेला आला. पाक रुस्ली. गोल चेहरा, गळ्यात टॉवेल, सारखा हसणारा. हातात यादी. प्रत्येक घरापुढे खूण करत होता. ठरलं असं होतं की तेवीसपाशी पाक कुवाट म्हणेल, "मळ्यात गेलेत", आणि पुढे काढेल.

बावीस नंबरपाशी धुकं उतरलं.

इतकं दाट की सुलास्त्रीला स्वतःचे हात दिसेनात. पाक कुवाट हाका मारत होता. "पाक रुस्ली! पाक रुस्ली!"

उत्तर नाही.

पंधरा मिनिटं. वीस. अर्धा तास...

धुकं विरळ झालं तेव्हा पाक रुस्ली तेवीस नंबरच्या पायऱ्या उतरत होता. टॉवेलने ओठ पुसत.

"वा! काय कॉफी पाजली! मक्याबरोबर भाजलेली. अशी आता कोण करतं?"

पाक कुवाटचं हसू चेहऱ्यावर तसंच चिकटून राहिलं. तो पायऱ्या चढून दाराकडे गेला. बाहेरचं कुलूप गंजलेलं होतं. लावलेलं होतं.

खाली पाक रुस्ली सुलास्त्रीला यादी दाखवत होता.

"एक चूक आहे तुमच्या कागदात. तुम्ही पाच लिहिलंय. ते म्हणाले, सहा."

"सहावं... कोण?"

"वाटेवर आहे म्हणाले. याच महिन्यात येईल. मी म्हटलं, मग आत्ता कसं धरू? तर म्हातारी म्हणते, लिहिणारीला सांगा. बाईमाणूस आहे, तिला कळेल." तो हसला. "मी सहा करून टाकलंय."

सुलास्त्रीने हातातला फोन उघडला.

त्यात सकाळीच आलेला मार्गोनोचा निरोप होता.

बोटीतून उतरलो. वाटेवर आहे.

*

ती म्बाह वार्सिनेमच्या दारात पोचली तेव्हा धापा टाकत होती. मागोमाग पाक कुवाट.

"म्बाह, उद्याच करायचं. तिसरा, सातवा, चाळिसावा, सगळे दिवस एकदम. कासिमानच्या घरासाठी दुआ करायची. ते मेलेत असं सगळ्यांसमोर म्हणायचं."

"डोकं फिरलं काय तुझं?" पाक कुवाट ओरडला. "दुआ झाली की घरं एकोणचाळीस! तो माणूस अजून पुलापाशी चहा पितोय!"

"मग त्याला सांगा, एकोणचाळीस."

"आणि मार्गोनो? त्याला परत पाठवणार?"

"त्याच्यासाठीच सांगतेय मी!"

पाक रुस्लीने दिलेला निरोप तिने कुणालाच सांगितला नाही. त्या घराच्या गोष्टीत नवऱ्याचं नाव तोंडातून काढायला तिची जीभ रेटेना.

म्बाहने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सव्वीस वर्षं आमच्यातल्या कुणाला हे तोंडातून काढता आलं नाही," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्या पोरीने काढलं. करू."

मग सुपारीचा डबा पुढे ओढत तिने विचारलं, "दुआ किती जणांची म्हणायची?"

"पाच."

"पाच, आणि..."

"पाचच, म्बाह!" सुलास्त्रीचा आवाज चिरकला. "पाचच. सहावं कुणी नाही. त्या घरात सहावं कुणी नाही आणि कुणी येणारही नाही!"

म्बाहचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग तिने मिटलं.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

*

मंगळवारी, एकवीस तारखेला, दुआ झाली. म्बाहने मेलेल्यांसाठी करतात ती तांदळाची गोड धिरडी केली. एकोणचाळीस पानं. या वेळी कुणी हसलं नाही.

बरोबर एक वाजता वरच्या अंगाने आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र...

कुणी मान वर केली नाही. दुआ म्हणणारा एकेक नाव घेत होता. कासिमान. त्याची बायको. त्याची आई. थोरली पोर.

खर्र... खर्र...

धाकटी पोर.

खर्र...

मध्येच थांबला. दाताळं अर्ध्या खळ्यावर टाकून द्यावं, तसा.

*

गुरुवारी सुलास्त्री सकाळपासून चढाच्या पायथ्याशी उभी होती. धुक्यातून आधी पिशवी दिसली, मग खांदा, मग मार्गोनो. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि बोटं मोजली. तो हसत म्हणाला, "आहेत सगळी. मळ्यावर एकही ठेवलं नाही."

तो अकरा दिवस राहिला.

बाराव्या दिवशी खरेदीदाराचं पत्र आलं. तुम्ही कळवल्याप्रमाणे घरं एकोणचाळीस, सबब नकार. मार्गोनोने पत्र दोनदा वाचलं.

"एक रिकामं घर, सुलास. एक रिकामं घर तुला कागदावर भरता आलं नाही?"

तिने पत्राची घडी घातली. तीन दिवसांनी तो पुन्हा बोटीत बसला. तीन वर्षांसाठी.

पण तो जिवंत गेला. स्वतःच्या पायांनी गेला. ती स्वतःला हेच सांगते. आपण वाचवलं त्याला.

तेवीस नंबरमधून आता दाताळ्याचा आवाज येत नाही. रेघांवर पुन्हा शेवाळ चढलंय. पायरीवर पान नसतं.

फक्त दुपारी, धुकं उतरलं की...

एक बारीक आवाज येतो. दम लागल्यासारखा थांबतो. पुन्हा सुरू होतो.

पाक कुवाट म्हणतो, मांजर आहे.

त्रिनाह म्हणते, मांजर आहे.

सुलास्त्रीही तेच म्हणते. मात्र त्या वेळी ती घराची दारं लावून घेते आणि रेडिओ मोठा करते. मांजर अजून कुणी पाहिलेलं नाही.

१९८७ च्या त्या सकाळी कासिमानच्या बायकोला नववा महिना लागला होता.