फुंकरीचा भाव

जगदीश खैरनारने आयुष्यात सांगितल्या भावाने काही घेतलं नव्हतं. तो मंडईत दिसला की भाजीवाल्या एकमेकींना डोळ्यांनी खुणावत, अशी त्याची ख्याती. त्यामुळे नाशिकच्या नव्या संकुलातल्या फ्लॅटसाठी तो बायकोला, उत्तराला, घेऊन विक्री कार्यालयात आला तो बाह्या सरसावूनच.

फ्लॅट हल्ली 'हयातहक्का'ने विकले जात. घेणारा जिवंत असेपर्यंत घर त्याचं. तो गेला की पुन्हा बिल्डरचं. कायमचं घर घेण्याची ऐपत उरलीच होती कुणाची! टेबलावरच्या नळीत फुंकर मारायची. श्वासातल्या सूक्ष्म कणांवरून आयुर्मापक यंत्र उरलेल्या वर्षांचा अंदाज बांधायचं आणि तेवढ्या वर्षांची किंमत पडद्यावर उमटायची. वर्षं सांगायला कायद्याने बंदी होती. किंमत सांगायला नव्हती.

जगदीशचा या यंत्रावर काडीचाही विश्वास नव्हता. "फुंकर कसली! हे लोक गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव लावतात," असं तो घरातून निघतानाच म्हणाला होता.

त्याच्या फुंकरीला ऐंशी लाख उमटले.

"निकुंभसाहेब, काहीतरी वाजवी बोला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ऐंशी?"

"यंत्राचा आकडा आहे, साहेब. माझं त्यात काही चालत नाही," बिल्डर निकुंभ हसत म्हणाला.

जगदीश उठला, दारापर्यंत गेला, परत आला. हा त्याचा हुकमी डाव. तोही वाया गेला. मग त्याने ठेवणीतला काढला. "घर हिच्या नावावर घेतो. बायकांना मुद्रांक शुल्कात सूट मिळते. आणि आता नीट भाव सांगा, नाहीतर शहरात दुसरे बिल्डर आहेत."

उत्तराने फुंकर मारली आणि लगेच नमुना फ्लॅटची गॅलरी बघायला गेली. आपलं शिलाई मशीन तिथे मावेल का, याचीच तिला चिंता होती.

पडद्यावर एकोणीस लाख उमटले.

जगदीशने मांडीवर थाप मारली. "आलात ना खाली? आता अठराला सोडा, लगेच टोकन देतो!"

निकुंभ आता हसत नव्हता. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आकडा तोच राहिला.

"खैरनारसाहेब, मी काहीच कमी केलेलं नाही," तो खाली बघत म्हणाला.

जगदीशची थाप मांडीवरच राहिली. उत्तरा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान होती. सकाळी जिना चढताना ती मध्येच थांबून धापा टाकत होती आणि उशीर होतोय म्हणून तो तिच्यावर खेकसला होता.

"यंत्र चुकतं ना कधीकधी?"

"चुकतं. लाख-दोन लाखांनी."

"मग साठ लावा. सत्तर लावा, साहेब! मी कर्ज काढतो."

सांगितल्यापेक्षा जास्त देऊ करायची ही त्याची पहिलीच वेळ. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"तुम्ही द्याल तेवढे मी घेईन हो," निकुंभ हळूच म्हणाला. "पण त्याने काय होणार?"

तेवढ्यात उत्तरा आली. तिला थोडा दम लागला होता, पण चेहरा खुलला होता. "मशीन अगदी बरोबर मावतं, आणि उजेड काय छान येतो! बरं, माझ्या नावावर कितीला ठरलं?"

जगदीश चटकन आकडा झाकत पडद्यासमोर उभा राहिला.

"अहो, असे मध्येच काय उभे राहिलात?" तिने हसून विचारलं. "सांगा ना, किती कमी करून घेतलंत?"