डोळ्यातली वाट

विमान सुटायच्या आधी बारकीने नळ्या मोजल्या. बत्तीस. मग सवयीने पुन्हा मोजल्या, आणि कॅप्टनने सवयीने तोच विनोद केला, "काय मॅडम, पिल्लं झाली का त्यांना?"

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ती बारकी. वय एक्केचाळीस, हवामान खात्याच्या विमानात नऊ वर्षं नोकरी, तरी घरच्यांसाठी बारकीच. तिचं काम सांगायला सोपं होतं. चक्रीवादळ समुद्रावर असतानाच विमान त्याच्या आरपार न्यायचं, आणि ठरलेल्या जागी एकेक नळी खाली सोडायची. नळी म्हणजे हातभर लांबीची पुठ्ठ्याची पुंगळी. आत एक चिमुकलं यंत्र, वर रुमालाएवढी छत्री. पडता पडता ते यंत्र हवेचा दाब, तापमान, वारा, उंची आणि आपली जागा कळवत राहायचं. चार मिनिटांत समुद्र यायचा, नळी भिजायची आणि मुकी व्हायची. "गेली," असं बारकी म्हणायची आणि शेजारी बसलेले मास्तर शेवटचा आकडा टिपून घ्यायचे.

मास्तर वादळांचे जाणकार. पूर्वी कॉलेजात शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांना कशाचंच फारसं कौतुक नव्हतं, पण या वादळाचं होतं.

"आठ दिवसांपूर्वी हे नुसतं ढगांचं गाठोडं होतं," पट्टा आवळत ते म्हणाले. "समुद्र तापला तीस अंशांवर. वाफ वर गेली, तिची ऊब वरच सुटली, खालची हवा आणखी आत धावली. एकदा का ती गोल फिरायला लागली की संपलं. मग ते स्वतःच स्वतःला पोसतं."

बारकीने मान हलवली, पण तिचं लक्ष सकाळच्या फोनमध्ये अडकलं होतं. किनाऱ्यावर, बंदराच्या गावात, तिची आई, दादा आणि वहिनी राहत होते; थोरली ताई आत, तालुक्याला. अंदाज सांगत होता की वादळ गावाच्या दीडशे किलोमीटर उत्तरेला लागेल.

"म्हणजे आमच्याकडे नुसता पाऊस," दादा म्हणाला होता. "आणि आईला तू ओळखतेस. ती घरातून हलायची नाही. तिला म्हटलं, ताईकडे जाऊ दोन दिवस. तर म्हणते, बारकी आली आणि घराला कुलूप दिसलं तर?"

"दादा, मी कशाला येतेय? मी इथे कामावर आहे."

"मी सांगितलं तिला. हल्ली जरा विसरते ती."

दोन वाजून दहा मिनिटांनी विमान वादळाच्या भिंतीत शिरलं. डोळ्याभोवतीची ढगांची ती कडी म्हणजे वादळाचा सगळा राग. खिडक्या पांढऱ्या झाल्या. पाऊस पडत नव्हता, आडवा आदळत होता. विमान दोनदा असं खाली गेलं, की बारकीची पेन्सिल हवेत तरंगली आणि मास्तरांनी ती झेलली. पंखांतून लोखंडी पूल करकरावा तसा आवाज येत होता. भिंतीत कोणी बोलत नाही.

मग एकदम ऊन.

डोळ्यात शिरलं की दरवेळी तिला क्षणभर बहिरं झाल्यासारखं वाटायचं. चौदा किलोमीटर रुंदीची विहीर आणि तिच्या तळाशी आपण. चारी बाजूंना पांढऱ्याशुभ्र ढगांचे कठडे, वर निळं आभाळ. खाली समुद्र मात्र खवळलेला, लाटा सगळीकडून येऊन एकमेकींवर आपटत होत्या. वादळात सापडलेले काही पक्षी तिथेच घिरट्या घालत होते. बाहेर पडायला त्यांना वाट नव्हती.

"सोडतेय," बारकी म्हणाली. अकरावी नळी खाली गेली.

हजार मीटर. चारशे. शंभर. दाब नऊशे अडतीस, भिंतीबाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी. मास्तरांनी शीळ घातली. वीस मीटर. पाच. शून्य.

"गे..." बारकी म्हणाली आणि थांबली.

नळी गेली नव्हती. पडद्यावर आकडे येतच होते. वारा शून्य. तापमान सव्वीस. उंची एक क्षण शून्यावर राहिली आणि मग बदलली.

बेचाळीस मीटर.

"तरंगतेय वाटतं," मास्तर म्हणाले.

"पुठ्ठा तरंगेल. पण बेचाळीस मीटरवर?"

"मग बिघडली असेल. दुसरी सोड."

तिने दुसरी सोडली. ती चार मिनिटांनी शहाण्यासारखी समुद्रात पडून मुकी झाली. अकरावी बोलतच राहिली. विमान डोळ्यातून बाहेर पडलं, पुन्हा भिंत, पुन्हा तो करकराट, आणि त्या सगळ्या दणदणाटात बारकीच्या पडद्यावर एक नळी वारा शून्य असल्याचं सांगत होती.

तिने जागेचे आकडे नकाशावर टाकले. ठिपका त्यांच्या खाली नव्हता. सहाशे किलोमीटर दूर, किनाऱ्यावर होता. इतक्या लांबून या यंत्राचा आवाज पोहोचूच शकत नाही, हे तिला पाठ होतं.

ठिपका हलत होता. ताशी तीन-चार किलोमीटर. माणूस चालतो तेवढा.

बारकीने नकाशा मोठा केला. ठिपका तिच्या गावात होता. टेकडीवरच्या शाळेच्या फाटकातून निघून पायऱ्या उतरत होता. उंची कमी होत होती, चाळीस, पस्तीस, एकतीस. पायऱ्या जिथे वळतात तिथे तो वळला. बाजाराची गल्ली सरळ न धरता तो होड्या दुरुस्त करतात त्या आवारातून तिरका गेला. ही वाट कुठल्या नकाशात नव्हती. कुंपणाची एक फळी सैल होती, तिथून लहान मूलच शिरू शकायचं. बारकी दहा वर्षं रोज शाळा सुटल्यावर तिथूनच घरी गेली होती.

मध्येच ठिपका थांबला. थोडा वेळ तिथेच राहिला, मग कुंपणाला वळसा घालून पुढे गेला. जणू लहान मुलाला तिथून शिरता आलं असतं, पण बरोबर कोणीतरी मोठं माणूस होतं.

"मास्तर," ती म्हणाली. "हे बघा."

मास्तरांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. "तुझं घर त्याच बाजूला ना?"

"चार मीटर उंचीवर. समुद्रापासून तिसरं."

ठिपका चार मीटरवर येऊन थांबला. तिथेच राहिला. एकूण चौतीस मिनिटं झाल्यावर वाऱ्याचा आकडा शून्यावरून एकदम सत्तरवर गेला, डोळा सरल्यावर येतो तसा उलट्या दिशेने, आणि नळी मुकी झाली.

मास्तरांनी 'गेली' असं लिहिलं नाही. त्यांनी पानावर 'सदोष' असं लिहून खाली रेघ ओढली. "यंत्र आहे, बाई. यंत्र वेड्यासारखं वागतं कधीकधी," ते म्हणाले. पण उतरेपर्यंत ते तिच्याकडे बघायचं टाळत होते.

उतरल्या उतरल्या तिने दादाला फोन लावला.

"दादा, घर सोडा. आत्ता."

"अगं, बातम्यांत तर उत्तरेला..."

"बातम्या गेल्या खड्ड्यात. डोळाच येणार आहे गावावर. मी आत्ता त्यातूनच येतेय."

डोळा गावावर येणार हा तिचा अंदाज होता, त्यातून येतेय हे खरं होतं. दादाने ते हसण्यावारी नेलं नाही.

"ताईकडचा रस्ता सकाळपासून तुंबलाय," तो म्हणाला. "गाड्या हलत नाहीत. जाऊ कुठे?"

बारकीने क्षणभरही विचार केला नाही. "शाळेत जा. दगडी इमारत आहे, उंचावर आहे. आईला उचलून न्यावं लागलं तरी ने. आणि ऐक. मध्येच वारा पडेल, ऊन पडेल. वाटेल संपलं. तेव्हा कोणीही बाहेर पाऊल टाकायचं नाही. अर्ध्या तासात दुसरी बाजू येते, पहिलीपेक्षा वाईट."

"बरं," दादा म्हणाला. आणि मग, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी उडाली आणि बारकी कार्यालयात रडारसमोर बसली. सकाळी नऊ वाजता वादळाने मान वळवावी तशी दिशा बदलली. अंदाज सांगणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. अकराला दादाचा शेवटचा फोन आला. ते तिघं शाळेत होते, सातवीच्या वर्गात, आणखी दोनशे माणसांबरोबर. आईने शांतपणे सगळं ऐकलं होतं म्हणे, उलट शाळेत जायचं म्हटल्यावर लगेच चपला घातल्या. बारकीचा जीव भांड्यात पडला. बाराला फोन बंद झाले.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी रडारवरचं गोल भोक बरोबर गावावर येऊन बसलं.

तेव्हा कुठे तिला ते आठवलं.

घराकडेच बघत राहिली होती ती. वाट कुठे संपली, एवढंच. वाट सुरू कुठून झाली, शाळेच्या फाटकातून, ते तिने पाहिलं होतं आणि पाहिलंच नव्हतं.

तिने फोन उचलला. बंद. पुन्हा लावला. पुन्हा.

मास्तर येऊन मागे उभे राहिले. दोघांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"चौतीस," मास्तर हळूच म्हणाले.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी भोक पुढे सरकलं.

गावात पोहोचायला तिला चार दिवस लागले. शेवटचे नऊ किलोमीटर ती चालत गेली. झाडं होती, पण त्यांना एकही पान नव्हतं, सालही नव्हती. वाळूने ती सोलून काढली होती. बंदरातली होडी बँकेच्या छपरावर उपडी पडली होती. समुद्रालगतच्या चार रांगांमधली घरं पडली नव्हती, नव्हतीच. फरशा तेवढ्या राहिल्या होत्या, कोणाची निळी, कोणाची लाल, आणि त्यांवर वाळूचा थर.

शाळा उभी होती. वहिनी पायऱ्यांवर बसली होती. बारकी दिसली तरी ती उठली नाही.

"वारा पडला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ऊन आलं. लोक दाराशी जायला लागले, तर तुझा दादाच ओरडून सगळ्यांना आत ढकलत होता. बारकीने सांगितलंय, बारकीने सांगितलंय, असं. एवढ्यात आई उठल्या. म्हणाल्या, घंटा झाली, बारकीची शाळा सुटली, मी तिला घेऊन जाते."

"घंटा?"

"कोणीच वाजवली नव्हती गं. मी हात धरला त्यांचा, पण मागून गर्दी आली आणि सुटला. मी खिडकीतून बघितलं. पायऱ्या उतरत होत्या. सावकाश." वहिनीने उजवा हात जरा बाजूला, खाली धरून दाखवला. एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरावा, तेवढ्या उंचीवर. "असा धरला होता हात. आणि बोलत होत्या."

"आणि दादा?"

"मागून धावला."

दादा तिसऱ्या दिवशी सापडला होता, दोन किलोमीटर आत, एका विहिरीच्या काठाशी. वहिनीने त्याला त्याच्या पट्ट्यावरून ओळखलं होतं.

आई दुसऱ्याच दिवशी सकाळी घरीच सापडली होती. म्हणजे घराच्या फरशीवर. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, आजूबाजूला गुडघाभर चिखल, आणि मधोमध आई मांडी घालून बसलेली, जिवंत. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शोधपथकातला जवान बारकीला म्हणाला, "बाई, एक विचारू? पाऊस तर रात्रभर होता. त्यांचे कपडे कोरडे कसे होते?"

आपण काय पाहिलं होतं, ते तिने वहिनीला सांगितलं नाही. शाळेत जा असं कोणी सांगितलं होतं, ते वहिनीला माहीत होतंच. वहिनीने त्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही, आणि बारकीला तेच जास्त जड गेलं.

आता आई आणि वहिनी तिच्याकडे राहतात, समुद्रापासून चारशे किलोमीटर आत, चौथ्या मजल्यावर. बारकीने उडायचं काम सोडलं. आई जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. दादाबद्दल विचारत नाही. दिवसभर आपल्या खोलीत खिडकीशी बसते.

त्या खोलीत पंखा पाचवर लावला तरी पडदा हलत नाही. हे आधी वहिनीच्या लक्षात आलं. आत पाऊल टाकलं की विमानात बसायचे तसे कानांना दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. खोलीचं दार बाहेर, घरातल्या बोळात उघडतं. पहिल्या महिन्यात ते जरा जड वाटलं म्हणून बारकीने सुताराला बोलावलं. त्याने बिजागऱ्या पाहिल्या, कडेने पट्टी फिरवून पाहिली.

"दार मोकळं आहे हो," तो म्हणाला. "आतून कोणी धरल्यासारखं होतंय, एवढंच." त्याने पैसे घेतले नाहीत, चहाही घेतला नाही.

गेल्या आठवड्यात बोळात पडलेली पावती सरकत सरकत दाराखालून आत गेली. परवा दार उघडायला बारकीला दोन्ही हात लावावे लागले. आज सकाळी ती चहा घेऊन गेली, तर एकटीने ते उघडेना. कप जमिनीवर ठेवून तिने वहिनीला हाक मारली, आणि दोघींनी भिंतीला पाय लावून ओढलं तेव्हा ते सुटलं.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या केसाची एक बटही हलली नाही.

"सावकाश गं," ती मागे न बघता म्हणाली. "अजून वेळ आहे."