होसिया गॅथराइटचं कलिंगड

बिस्किटं ओव्हनमध्ये सरकवली की ती फुगेपर्यंत लुवेनिया गॅथराइट मागच्या शेतात एक चक्कर मारून यायची. वडील गेल्यापासून तिने हा नेम धरला होता. आर्कान्सात नदीकाठच्या त्या रेताड पट्ट्यात ऑगस्टचं ऊन सकाळपासूनच चावायला लागतं. पायऱ्या उतरलं की उजवीकडे सोयाबीन, डावीकडे भेंडी आणि चवळी, आणि मधोमध जुन्या चादरी ताणून केलेला मांडव. त्या मांडवाखाली पपांचं कलिंगड.

पपांचं म्हणजे पपांच्या वाणाचं. होसिया गॅथराइट फेब्रुवारीतच वारले होते. त्यांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जागा पुरली नाही, लोक बाहेर गाड्यांच्या टपांवर बसले. साहजिकच होतं. रेल्वेच्या शेडमधले गोरे व्यापारी काळ्या शेतकऱ्यांच्या कलिंगडांना हात लावायला तयार नव्हते, तेव्हा याच माणसाने गावातल्या सगळ्यांचा माल ट्रकांवर चढवून थेट डॅलसला नेऊन विकला होता. बापाकडून आलेल्या चाळीस एकरांचे त्याने सहाशे केले. नंतर जिल्ह्याच्या शेतकरी संघाने त्यालाच अध्यक्ष केलं, आणि भांडणं कोर्टात जाण्याआधी त्याच्या ओसरीवर यायला लागली. लोक त्याच्या शब्दाला मान देत आणि त्याला थोडं घाबरतही.

एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच दिली नाही, ती म्हणजे ते बी. जत्रेत दरवर्षी पहिलं बक्षीस गॅथराइटांच्या कलिंगडाला मिळायचं, लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे, आणि होसिया ते चादरीत गुंडाळून घरी घेऊन जायचा. कापायचा तो गोठ्यामागे, एकटाच. साली, गर, सगळं डुकरांना. बी कॉफीच्या डब्यात.

लुवेनिया लिटल रॉकला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. बियांच्या त्या डब्याबद्दल तिला ना भीती होती ना भक्ती. मे महिन्यात तिने त्यातल्या मूठभर बिया लावल्या. एकच वेल जगला. त्यावर एकच फळ ठेवून बाकीची तिने खुडून टाकली, आणि मग ते फळ जे वाढत सुटलं ते सुटलंच.

"ताई, याला आता शाळेत घालू या," डॉर्सी त्या दिवशी म्हणाला. धाकटा भाऊ, ट्रॅक्टर आणि यंत्रं सांभाळणारा. त्याने टेप गुंडाळून माप घेतलं आणि शिट्टी वाजवली. "अगं, पपांचा विक्रम मोडतंय हे! अजून आठवडाभर असंच वाढलं तर धुव्वा!"

"खरं माप घे. टेप सैल धरू नकोस."

"सैल नाही गं बाई! तूच बघ!"

तिने पाहिलं. तिलाही हसू फुटलं. हे बहीणभाऊ चार महिने एकमेकांशी धड बोलले नव्हते. डॉर्सीला पलीकडचा अर्धा पट्टा सोलर कंपनीला भाड्याने द्यायचा होता, तिला जमीन एकसंध ठेवायची होती, आणि पपा जमीन कुणाच्याच नावावर न करता गेले होते. आता दोघं एका कलिंगडाभोवती नाचत होती.

"बघू तरी पिकलंय का," म्हणत डॉर्सी गुडघ्यावर बसला आणि पपा ठोकायचे तसं त्याने मधल्या बोटाच्या पेराने सालीवर ठोकलं. टक टक.

आतून उत्तर आलं. टक.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग डॉर्सी खो खो हसत सुटला.

"साल ताणली जातेय," लुवेनिया म्हणाली. "आत पोकळी झाली असेल. इतक्या भराभर वाढलं की गर मधोमध फाटतो. उन्हाने हवा फुगते, कडा सरकतात, आवाज होतो."

"झाला शिक्षिकेचा तास सुरू."

तिने सालीवर तळहात टेकवला. रात्रभर ठिबकच्या पाण्यात बसलेलं फळ सकाळी गार असायला हवं होतं. ते कोमट होतं. तापलेल्या दगडासारखं नव्हे. झोपेतून उठलेल्या माणसाच्या पाठीसारखं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि हसूही येत होतं. तिने ठोकलं आणि गमतीने विचारलं, "आज सोयाबीनला पाणी द्यायचं का?"

काहीच नाही.

आकाश निरभ्र होतं. तरी का कोण जाणे, तिने मोटर लावली नाही. दुपारी जेवण आटपेपर्यंत नदीकडून ढग आले आणि तासभर कोसळले.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. पण दुसऱ्या सकाळी बिस्किटं ओव्हनमध्ये जायच्या आधीच ती मांडवात होती.

"खालच्या शेतात कीड पडलीय?"

टक.

डॉर्सीने जाऊन पाहिलं. पानांच्या खालच्या बाजूला किडीची अंडी, नुकतीच घातलेली. दोन दिवस उशीर झाला असता तर शेत गेलं असतं. तो धावतच परत आला, टोपी हातात, चेहरा घामाघूम.

"तुला कसं कळलं? खरं सांग!"

तिने सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो मांडवात जाऊन मातीत बसला.

त्यानंतरचा आठवडा त्या घराने वर्षानुवर्षं पाहिला नव्हता असा गेला. दोघं सकाळी उठल्याबरोबर शेतात पळायची, लहानपणी नाताळच्या दिवशी सजवलेल्या झाडाकडे पळायची तशी. ट्रकचं मागचं चाक बदलायचं का, भेंडी आज तोडायची का, पंपावरचा नवा माणूस खरा आहे का. टक म्हणजे हो, शांतता म्हणजे नाही. एकदाही चुकलं नाही. लुवेनियाने शास्त्रीय कारणं शोधणं थांबवलं नव्हतं, फक्त ती मोठ्याने बोलणं थांबवलं होतं. जेवायला बसली की दोघं एकदम बोलायची, तोंडात घास असताना हसायची.

एके दिवशी डॉर्सीनेच तो प्रश्न काढला. "पलीकडची जमीन सोलरवाल्यांना द्यायची?"

शांतता. वाऱ्याने चादर फडफडली.

"ठीक आहे," डॉर्सी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ठीक आहे, पपा. नाही देत."

लुवेनियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग वाकून, पहिल्यांदाच, तिने हळूच विचारलं, "पपा, तुम्हीच ना?"

शांतता.

"लाजतायत," डॉर्सी नाक पुसत म्हणाला.

जत्रेच्या आदल्या दिवशी टूला आत्या आली. होसियाची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून ताठ. डॉर्सीने तिला हाताला धरून मांडवात नेलं, खुर्ची दिली, आणि नव्या गाडीची चावी द्यावी तशा ऐटीत म्हणाला, "विचार आत्या, काय हवं ते विचार!"

आत्या खुर्चीवर बसली नाही. ती फळाकडे पाहत उभी राहिली.

"तुम्ही याला विचारता?"

"रोज! आणि सगळं खरं निघतं!"

"होसियाने याला कधी काही विचारलं नाही," आत्या म्हणाली. "लहान होते तेव्हा मी बघायचे. ठोकायचा, आतून उत्तर यायचं, आणि तो म्हणायचा, अजून नाही. एवढंच. रोज सांगायचा, अजून नाही."

"म्हणजे पिकलं नाही असं," लुवेनिया म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं. नंतर कळलं, विचारायचं ते, आणि उत्तर द्यायचा हा." आत्याने काठी टेकली, कष्टाने वाकली आणि पेराने ठोकलं. "तू होसिया आहेस?"

काहीच आवाज नाही. दूर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता.

"बघा," आत्या सरळ होत म्हणाली. "खोटं बोलत नाही ते. घरी कापा, लुवेनिया. तुझा बाप कापायचा तिथे."

"आत्या, अगं उद्या अख्खा जिल्हा येतोय!" डॉर्सी म्हणाला. "पपांच्या नावाची कमान उभारलीय लोकांनी!"

आत्या काठी टेकत घराकडे वळली. पण ती रात्री तिथेच राहिली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कपडे करून ट्रकच्या पुढच्या सीटवर बसली होती.

शनिवारी जत्रेचं मैदान नुसतं उसळत होतं. तळलेल्या कॅटफिशचा वास, हायस्कूलचा बँड, कमानीवर मोठ्या अक्षरांत होसिया गॅथराइट. आठ माणसांनी ताडपत्रीच्या टोकांना धरून कलिंगड ट्रकवरून उतरवलं, तेव्हा गर्दीने वाट करून दिली. वजन करणारा एलवुड पिकेट म्हणजे पपांचा चाळीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी. त्याने काट्यावरचा आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"च्यायला होसिया!" तो कमानीकडे बघून ओरडला. "मेल्यावरही हरवलंस!"

आणि मैदान जल्लोषाने दणाणलं. टोप्या उडाल्या. बँडने सूर सोडून नुसताच धडाका लावला. डॉर्सीने लुवेनियाला उचलून गरागरा फिरवलं. अनोळखी बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. "तुझ्या बापाने माझ्या बापाचं शेत वाचवलं," असं कुणीतरी तिच्या कानात सांगत होतं. तिलाही रडू येत होतं. इतक्या आनंदात ती कित्येक वर्षांत नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, "कापा!"

"कापा! कापा!" सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला लागलं. "होसियाने कधी चाखू दिलं नाही! या वर्षी कापा!"

पिकेटने लांब सुरा आणला. डॉर्सीने तो घेतला आणि हसत बहिणीकडे पाहिलं. "विचार ताई. एकदा विचारून घे."

गर्दीच्या मागे टूला आत्या काठी उंच करून हलवत होती. तिचं तोंड हलत होतं, शब्द ऐकू येत नव्हते.

लुवेनिया वाकली. साल आता कोमट नव्हती, गरम होती. तिने ठोकायला बोट उचललं.

"का—"

टक.

तिचं बोट अजून हवेतच होतं.

टक टक टक टक.

"झालं की!" डॉर्सी म्हणाला.

"थांब. डॉर्सी, थांब."

बँडच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. सुरा टेकला. दाबावाही लागला नाही. साल आपली आपणच फाटत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आत लालभडक गर होता, आणखी काही नाही. रसरशीत, साखरेसारखा वास, काळ्याभोर बिया. लुवेनियाला पोकळी दिसली नाही. कुठेच नव्हती. गर काठोकाठ भरलेला होता.

लोक हसत पुढे आले. फोडी हातोहात गेल्या. पिकेटच्या हनुवटीवरून रस ओघळला. "देवा रे!" तो डोळे मिटून म्हणाला. चर्चच्या रेव्हरंडनी दोन फोडी घेतल्या. बायकांनी बिया रुमालात बांधल्या, पुरुषांनी शर्टाच्या खिशात टाकल्या. होसियाचं बी अखेर मिळालं म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

"खा ना ताई," डॉर्सीने फोड पुढे केली.

तिने हात उचलला आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं. टूला आत्या. गर्दीतून ती कशी आली कुणास ठाऊक. तिची पकड सुटत नव्हती.

"मला गोड चालत नाही म्हण," ती पुटपुटली. "दोघींनाही चालत नाही म्हण."

लुवेनियाने तसं सांगितलं. डॉर्सीने खांदे उडवले आणि ती फोडही स्वतःच खाल्ली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. सगळे खुशीत होते. गेल्याबरोबर लोकांनी तिला मिठ्या मारल्या, जत्रेच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. डॉर्सी पुढे जाऊन पिकेटच्या शेजारी बसला. इतकी वर्षं या दोन घरांतलं कुणी एका बाकावर बसलं नव्हतं. लुवेनिया आत्याबरोबर मागे बसली आणि तिला वाटलं, आपण उगीच घाबरलो. बघा, किती छान झालं.

खिडक्या उघड्या होत्या, तरी उकाडा मावत नव्हता. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा, प्रत्येकजण आपापल्या लयीत वारा घेत होता. रेव्हरंड क्षमेबद्दल बोलत होते, आवाज चढत होता, लोक मधूनच "आमेन" म्हणत होते.

वाक्याच्या मध्येच ते थांबले.

पंखे थांबले. सगळे, एकदम.

कुणी मागे वळलं नाही, कुणी खोकलं नाही. रेव्हरंड समोर बघत होते, कुणी काही सांगत असताना बघावं तसं. डॉर्सीची मान लुवेनियाला मागून दिसत होती. ती सावकाश हलली, होकारार्थी. पिकेटचीही हलली. साऱ्या बाकांवरच्या माना एकाच वेळी खाली गेल्या आणि वर आल्या.

आत्याने तिचा हात घट्ट धरला.

रेव्हरंडनी उरलेलं वाक्य पुरं केलं. कुणीतरी "आमेन" म्हटलं. आणि पंखे पुन्हा हलायला लागले, सगळे मिळून डावीकडे, मग सगळे मिळून उजवीकडे.